गाव आणि विद्यालय : महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र

प्रास्ताविक

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेतले की विधवांचे शिक्षण, हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ या तीन गोष्टी आपल्याला चटकन आठवतात. शालेय पाठ्यपुस्तकांतून आपण त्या वाचलेल्या असतात. या पाठ्यांशात मात्र त्यांच्या चरित्राकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. गावात वाढलेला मुलगा शिकण्यासाठी गाव सोडतो. शिकल्यावर त्याचे आणि गावाचे नाते काय उरते? विद्यालय ज्या समाजाच्या मध्यावर उभे असते, त्या समाजाचे ते काय लागते? विद्यार्थ्याच्या सेवेमुळे या दोघांत जे नाते जुळते ते कशाने टिकते आणि कशाने तुटते? कर्व्यांनी या प्रश्नांवर ग्रंथ लिहिला नाही. एकशे चार वर्षांच्या आयुष्यात ते हे प्रश्न पुन:पुन्हा हाताळत राहिले, काही वेळा यश आले, काही वेळा जबर किंमत मोजावी लागली. आपणांपैकी अनेक जण नोकरी, शेती वा संसार सांभाळून शिकत आहेत, म्हणजेच गाव न सोडता विद्यार्थी झालेले आहेत. त्यामुळे हा प्रश्न आपणांस परका वाटू नये.

किनारा आणि त्यावरील माणसे

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात जोग नदी समुद्राला मिळते तेथे आंजर्ले हे गाव आहे. कड्यावरच्या गणपतीमुळे ते महाराष्ट्रभर ठाऊक आहे. त्याला लागून मुर्डी, खाडीपलीकडे दक्षिणेस हर्णै बंदर व समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि आणखी खाली त्याच किनाऱ्यावर मुरूड. नारळी-पोफळीच्या आगरांची, डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेली ही गावे. जमीन थोडी, तीही भावाभावांत वाटली गेलेली. पिकावर वर्षाची भूक भागत नसे. म्हणून घरटी एखादा तरी पुरुष मुंबईला किंवा घाटावर जाई आणि त्याच्या पैशावर मागचे घर चाले. कोकणातील चाकरमानी ही संस्था आगबोटींच्या काळात आणखी दृढ झाली. हर्णैला आगबोट लागे, पण पावसाळ्यात ती बंद होई आणि मग चार महिने हा सारा पट्टा जगापासून जवळजवळ तुटे.

याच पट्ट्याने महाराष्ट्राला दोन मोठे गणिताचे प्राध्यापक दिले. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८७६ साली जन्मले. मुर्डी-आंजर्ल्याच्या परिसरात त्यांचे बालपण गेले आणि १८९९ मध्ये केंब्रिज येथे सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या आधी अठरा वर्षे, १८ एप्रिल १८५८ रोजी, खेड तालुक्यातील शेरवली या आजोळी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. कर्व्यांचे घर मुरूडचे. दोघे एकमेकांच्या नात्यातले. परांजप्यांच्या विद्यार्थिदशेत मुंबईस कर्व्यांचे बिऱ्हाड हाच त्यांचा आधार होता. ही नोंद पुढे उपयोगी पडणार आहे, कारण कर्व्यांच्या सेवेचा पहिला टप्पा अशा आधाराच्या स्वरूपाचाच होता: शिकून पुढे गेलेल्याने मागच्याला हात द्यावा.

कर्व्यांचे घराणे एके काळी संपन्न होते, पण वडील केशवपंतांच्या वाट्याला ओहोटी आली आणि त्यांना दुसऱ्याच्या पदरी तुटपुंज्या पगारावर कारभार पाहावा लागला. आई लक्ष्मीबाई मानी व करारी. घरात पैसा नव्हता. शिस्त आणि स्वाभिमान होता.

देवळातील वाचन

मुरूडच्या मराठी शाळेत सोमण नावाचे शिक्षक होते. कर्व्यांच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तर तो सर्वांत मोठा मानावा लागेल. सोमण मास्तरांची शाळा चार भिंतींत संपत नसे. गावातील श्रीदुर्गादेवीच्या देवळात लोक जमत. तेथे वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम त्यांनी आपल्या या लाजाळू विद्यार्थ्याकडे सोपवले. गावात भांडवल उभे करून एक दुकान काढण्यात आले, त्यातही या विद्यार्थ्याने राबावे अशी योजना झाली.

हा प्रकार बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या काळच्या खेड्यात वर्तमानपत्र येणे हीच अपूर्वाई. अक्षर ओळखणारे थोडे, आणि ज्यांना अक्षर येत नाही ते अडाणी नव्हेत. जगात काय चालले आहे हे जाणून घेण्याची इच्छा त्यांनाही होती. शाळेत शिकणाऱ्या मुलाजवळ वाचता येणे ही एक वस्तू होती आणि ती गावाला हवी होती. त्याच्या बदल्यात मुलाला मिळाले ते असे की, ज्येष्ठांसमोर उभे राहण्याचा धीर आला, आपण वाचतो ते कुणाला तरी उपयोगी पडते हा प्रत्यय आला. देणारा कोण आणि घेणारा कोण हे येथे सहज सांगता येत नाही. विद्यार्थिसेवेची पुढे जी अनेक रूपे झाली, त्यांतील फार थोड्यांना हा समतोल साधला असे म्हणावे लागते.

शिक्षण पुढे चालू ठेवणे सोपे नव्हते. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी १८७५ मध्ये कर्वे काही सोबत्यांसह साताऱ्यास निघाले. पावसाळ्यामुळे समुद्रमार्ग बंद. तेव्हा सह्याद्री ओलांडून शंभर मैलांहून अधिक अंतर त्यांनी पायी तोडले. सतरा वर्षे पुरी झालेली असणे ही परीक्षेची अट होती. कर्व्यांचे वय पुरे होते. परंतु शरीर इतके किरकोळ की परीक्षकांना ते पटले नाही आणि त्यांना परत पाठविण्यात आले. पुढील वर्षी ते कोल्हापूरहून ही परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर इंग्रजी शिक्षणाला उशिरा प्रारंभ झाला, १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांची तेविशी उलटली होती. त्याआधीच त्यांचा विवाह होऊन संसार सुरू झाला होता. मुंबईत शिकवण्या करीत त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतले आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन बी.ए. झाले. वयाने मोठे झाल्यावर, पोट सांभाळून शिकलेला हा विद्यार्थी आहे, हे लक्षात ठेवावे.

मुरूड फंड

मुंबईत कर्वे निरनिराळ्या शाळांत शिकवीत होते. मिळकत बेताची, पण तिच्यातील लहानसा ठरावीक वाटा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढण्याची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. हीच कल्पना त्यांनी मुरूडच्या इतर चाकरमान्यांपुढे मांडली आणि तिच्यातून मुरूड फंड उभा राहिला. गावाबाहेर कमावणाऱ्या प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा अंश नियमितपणे द्यावा आणि त्या रकमेतून गावाच्या शिक्षणासारख्या गरजा भागवाव्या, असे त्याचे स्वरूप होते.

आज मुंबईत कोकणातील असंख्य गावांची मंडळे आहेत. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पाण्याची टाकी यांसाठी ती वर्गणी काढतात. मुरूड फंड हे त्याच जातीचे एक जुने उदाहरण आहे. परंतु त्यात दोन गोष्टी लक्षणीय होत्या. एक, रक्कम मोठी असण्यापेक्षा ती नियमित असण्यावर भर होता. उत्साहाच्या भरात एकदाच दिलेली देणगी गावाला उपकृत करते. दरमहा येणारी लहान वर्गणी गावाला योजना आखू देते. शाळेच्या शिक्षकाचा पगार एकदाच द्यावयाचा नसतो, तो दर महिन्याला द्यावा लागतो, हे कर्व्यांच्या गणिती डोक्याने नेमके हेरले होते. दुसरी गोष्ट हिशेबाची. पैशाचा हिशेब चोख ठेवणे हा कर्व्यांचा आयुष्यभराचा बाणा होता. सार्वजनिक कामे पैशाच्या अभावाने जितकी बुडतात त्याहून अधिक ती हिशेबाच्या गोंधळाने बुडतात. हा अनुभव ज्यांनी गावात एखादे मंडळ चालवले आहे त्यांना निराळा सांगायला नको.

येथे थोडे थांबून आपल्या गावाचा वा वस्तीचा विचार करा. बाहेर कमावणाऱ्यांच्या पैशातून तेथे काय उभे राहिले आहे? ते काय असावे हे कोणी ठरवले, पाठवणाऱ्यांनी की राहणाऱ्यांनी? स्वयंअध्ययनाच्या वहीत यावर एक पानभर टिपण लिहा. घरातील ज्येष्ठांशी बोलल्याशिवाय ते पुरे होणार नाही.

गाव पाठ फिरवते

१८९१ हे वर्ष कर्व्यांच्या आयुष्यातील मोठ्या उलथापालथीचे. पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ लहान होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक बाहेर पडल्याने गणिताची जागा मोकळी होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेत. १८९२ मध्ये कर्वे अशा सदस्यांत सामील झाले. रँग्लर झालेले परांजपे पुढे याच बंधनाखाली फर्ग्युसनमध्ये आले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले, हेही येथेच नोंदवून ठेवू. महाविद्यालयाचे प्राध्यापकच जेथे सेवाव्रती होते तेथे विद्यार्थ्यांना सेवेचा निराळा तास लागत नव्हता.

दुसरा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा कर्व्यांचा निश्चय होता. मित्र नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई बालपणीच विधवा झाल्या होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

पुण्यात या विवाहाचे काही सुधारकांनी स्वागत केले. मुरूडला मात्र आकाश कोसळले. गावकऱ्यांनी एकत्र येऊन कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यांच्याशी व्यवहार ठेवू नये, ते असतील त्या सभेस कोणी बसू नये, आणि भावाने त्यांना घरात घेतले तर भावालाही वाळीत टाकावे, असा त्या निर्णयाचा आशय होता. वृद्ध आईला मुलगा जवळ करता येईना आणि दूरही लोटवेना.

चरित्रकार बहुधा या प्रसंगात सनातनी गाव आणि धैर्यशील सुधारक एवढीच दोन पात्रे रंगवतात. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ज्या गावाच्या देवळात या माणसाने वर्तमानपत्र वाचून दाखवले होते, ज्या गावाच्या शिक्षणासाठी त्याने पैपैसा जमवला होता, त्याच गावाने त्याला दार बंद केले. सेवेमुळे माणूस गावाला प्रिय होतो. परंतु गावाच्या समजुतींना हात लावण्याचा अधिकार त्याला सेवेतून आपोआप मिळत नाही. फंड हा गावाला सोयीचा होता. विधवाविवाह हा गावाच्या मुळाशी जाणारा प्रश्न होता. पहिल्याचा विश्वास दुसऱ्यावर खर्च करता येईल असा कर्व्यांचा हिशेब असेलच, तर तो चुकला.

कर्व्यांनी मात्र गावाशी वैर धरले नाही. ३१ डिसेंबर १८९३ रोजी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली आणि काही काळ त्या कामात स्वतःला गुंतवले. थोड्याच अवधीत त्यांच्या ध्यानात आले की दोन-चार विवाह घडवून आणल्याने हजारो विधवांचे आयुष्य बदलत नाही. त्यांना आधी स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे. मग विवाह करावा की न करावा, हे त्यांचे त्या ठरवतील. गणिताच्या अध्यापकाने आपले प्रमेय बदलले.

हिंगणे

१४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष होते. प्रत्यक्ष आश्रम पुण्यात सुरू झाला तो १८९९ मध्ये. शहरात प्लेगचे थैमान होते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथे जमीन आणि झोपडी बांधण्यापुरते पैसे दिले. १९०० साली आश्रम तेथील झोपडीत हलला.

फर्ग्युसनपासून हिंगणे सुमारे चार मैल. धड रस्ता नव्हता. दिवसभर महाविद्यालयात शिकवून संध्याकाळी कर्वे आश्रमाला लागणारे सामान घेऊन पायी निघत, रात्री तेथील स्त्रियांना शिकवीत आणि सकाळी पुन्हा चालत महाविद्यालयात येत. सुमारे दोन वर्षे हा क्रम चालला. महाविद्यालय आणि समाज यांच्यामधील पूल असा शब्दप्रयोग आपण भाषणांत नेहमी ऐकतो. येथे तो पूल म्हणजे चिखलाची चार मैलांची वाट आणि डोक्या-खांद्यावरचे ओझे होते.

आश्रमाचे धोरण ठरवताना मात्र मुरूडचा अनुभव कर्व्यांच्या समोर असावा. त्यांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ यांची कडेकोट फारकत केली. आश्रम केवळ शिक्षण देईल, पुनर्विवाहाचा पुरस्कार करणार नाही, अशी हमी त्यांनी समाजाला दिली. विधवाविवाहाच्या मंडळीतील स्वतःची जबाबदारीही सोडली. ज्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला त्यांनीच असे करावे, याचे अनेक सुधारकांना आश्चर्य वाटले, काहींना ती माघार वाटली. सनातनी वर्गाचा संशय तरीही पुरता गेला नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ही तडजोड होती आणि ती जाणूनबुजून केलेली होती. ज्या घरातून विधवा मुलगी आश्रमात यावयाची, त्या घरातील बाप-भावांचा विश्वास नसेल तर आश्रम रिकामाच राहणार होता. समाजाशी भागीदारी करावयाची तर त्याच्या वेगाने काही अंतर चालावे लागते. किती अंतर, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर कर्व्यांनाही दरवेळी सापडले असे नाही. आश्रमाचा दरवाजा प्रारंभी मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीच उघडा होता. बहुजन व अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रिया या वर्तुळाबाहेर राहिल्या. त्या काळी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे कार्यकर्ते अस्पृश्यतानिवारणाचे काम करीत होते, म्हणजे हा प्रश्न कोणाला दिसत नव्हता असे नाही. विश्वास कोणाचा सांभाळला आणि कोणाचा कमावलाच नाही, ही नोंद चरित्राच्या अभ्यासकाने करावयास हवी.

आश्रमाची खरी कसोटी लागली ती त्यातील विद्यार्थिनींमुळे. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या देवरुखच्या. विधवा झाल्यावर त्या पुण्यास आल्या, उशिरा शिकल्या आणि आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या. वर्गणीसाठी त्यांनी गावोगाव प्रवास केला. केशवपन केलेली, जुन्या वेषातील स्त्री लोकांच्या ओसरीवर बसून विधवांच्या शिक्षणाविषयी बोलू लागली, की ऐकणाऱ्यांचा विरोध अर्धा गळून जाई. कारण ती बाहेरची नव्हती, त्यांच्याच माजघरातली होती. पुढे १९१८ मध्ये त्या अमेरिकेसही गेल्या. विद्यार्थिनीच संस्थेची प्रतिनिधी होऊन समाजात परत जाते, हे हिंगण्याचे मोठे बळ होते. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले आणि १९०८ मध्ये निष्काम कर्म मठाची स्थापना झाली. संस्थेसाठी आयुष्य वाहणारे कार्यकर्ते तयार करणे हा मठाचा हेतू होता. एका व्यक्तीच्या चालण्यावर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीचे पाय थकले की बसते. कर्व्यांना हे वेळीच कळले होते.

या सेवेचे ओझे घरात कोणी उचलले, हेही पाहिले पाहिजे. कर्व्यांनी आपली साठवणूक आणि विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. आनंदीबाईंनी सुईणीचे शिक्षण घेऊन ते काम केले आणि संसाराला हातभार लावला. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात या ओढाताणीचे अगदी उघड, कोठेही न सजवलेले चित्र आहे. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. साधी विधाने, अलंकारांचा अभाव आणि स्वतःविषयी अलिप्तता ही त्याची शैली. मराठी आत्मचरित्रांचा अभ्यास करताना ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावी. एकाच घरातील दोन आवाजांत किती अंतर असू शकते, हे तेथे कळते.

विद्यापीठ

१९१४ मध्ये कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतात असे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरू केले. भांडारकर पहिले कुलपती, मुर्डीचे रघुनाथ परांजपे पहिले कुलगुरू. आंजर्ले-मुरूडच्या किनाऱ्यावरची जुनी नाती अशी विद्यापीठाच्या कामात आली.

मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, हे या विद्यापीठाचे क्रांतिकारक सूत्र. मराठीचे विद्यार्थी म्हणून आपण ते ध्यानात घ्यावे. इंग्रजीत शिकलेली मुलगी घरी जाऊन आईला काय शिकली ते सांगू शकत नाही. मराठीत शिकलेली सांगू शकते. ज्ञान घरापर्यंत पोहोचण्यातला हा एक मोठा अडसर होता. सरकारी मान्यता नसताना, लोकांच्या देणग्यांवर हे काम सुरू झाले. कर्व्यांनी देशभर हिंडून लहानमोठ्या रकमा जमवल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये.

याच काळात साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील निराळ्या वाटेने चालले होते. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था आणि १९२४ चे साताऱ्याचे वसतिगृह यांत सर्व जातींची मुले एकत्र राहत, श्रम करून शिकत आणि खेड्यांतील शेतकरी धान्य देऊन ते चालवीत. कर्व्यांचा आधार मुख्यतः मध्यमवर्गाच्या वर्गणीवर, भाऊरावांचा शेतकऱ्याच्या कणगीवर. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याला ही संस्था आपली वाटत होती.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सेवेला देशव्यापी रूप आले ते त्यानंतर बऱ्याच काळाने. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दत्तक गाव आणि सात दिवसांचे शिबिर हे तिचे परिचित रूप. चांगल्या शिबिरांनी बंधारे बांधले, झाडे जगवली. पण अनेक ठिकाणी रस्ता झाडला जातो, फलकासह छायाचित्र निघते आणि आठव्या दिवशी गाव पूर्ववत होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून अखेरच्या वर्षी खेड्यात शेतकऱ्यांसोबत काही महिने काम करावे लागते. त्यात हंगाम पाहावा लागतो. हंगाम सात दिवसांत उरकत नाही. मुरूड फंडाच्या नियमित वर्गणीशी याचे नाते जवळचे आहे.

पुन्हा खेड्याकडे

विद्यापीठ स्थिरावले, परदेशप्रवास झाले. एवढ्यावर एखाद्याने विश्रांती घेतली असती तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जिल्हा लोकल बोर्डाची शाळा जेथे पोहोचली नव्हती अशा खेड्यांत प्राथमिक शाळा उघडणे हा मंडळाचा हेतू. अशी गावे बहुधा लहान, दुर्गम आणि गरीब. तेथे शाळा चालवावयाची म्हणजे पुन्हा तोच जुना हिशेब: दरमहा शिक्षकाचा पगार. त्यासाठी कर्वे पुण्यात दारोदार फिरून लहान लहान वर्गण्या गोळा करू लागले. विद्यापीठासाठी लाखांची देणगी मिळवलेला माणूस आणे-पैसे मागत जिने चढतो, याचे लोकांना नवल वाटे. त्यांना स्वतःला त्यात वावगे काही वाटत नसे.

मंडळाच्या कामात आणखी एक भाग होता. शाळेतून बाहेर पडलेली मुले काही वर्षांत वाचायला विसरतात, असे खेड्यांत सर्रास दिसे. हाती वाचावयास काही नसेल तर अक्षरओळख गंजते. म्हणून प्रौढांची वाचनाची सवय टिकावी यासाठीही मंडळ प्रयत्न करी. दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलाला ही गरज दुसऱ्या कुणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

१९४४ मध्ये त्यांनी समता संघ स्थापन केला. जातिभेदाच्या विरुद्ध, माणसामाणसांतील समतेच्या प्रसारासाठी. हिंगण्याच्या प्रारंभी जे वर्तुळ लहान राहिले होते, ते रुंदावण्याचा हा उतारवयातला प्रयत्न. तोवर वय शहाऐंशी झाले होते आणि संघाचे काम मोठे झाले नाही. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये भारतरत्न हे सन्मान त्यांना मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या मुरूडने त्यांना सभेत बसू दिले नव्हते, तेथे आज त्यांचे स्मारक आहे. हर्णैहून मुरूडला जाणारे प्रवासी ते पाहतात आणि पुढे समुद्राकडे वळतात.